पैसा कुठे आहे, ते सगळ्यांना दिसू द्या

बीड जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

‘ताई, नमस्कार. मी आमच्या गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. गटाला ३ वर्षं झाली. आम्ही १२ जणी, आठवड्याला २५ रुपये बचत, दर सोमवारी संध्याकाळी बैठक. मी वही वाचायला घेतली की बाया आपसात बोलायला लागतात. नीट लिहिता-वाचता येणाऱ्या आम्ही चौघीच आहोत. कर्ज कुणाला द्यायचं यावर दोघी-तिघीच बोलतात, बाकीच्या माना डोलावतात आणि घरी जाताना वाटेत कुरकुर करतात. “पैसा सचिवाच्याच घरी फिरतो” असंही कानावर आलं. तेव्हापासून मला झोप लागत नाही. आमच्यातल्या ५ जणी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, त्यांचे हप्ते थकतात आणि त्यावरून भांडणं होतात. प्रशिक्षणात सांगितलं होतं, चित्रं वापरा, तक्ते वापरा. म्हणून मी तालुक्याहून रंगीत पोस्टर आणून भिंतीला लावले. काही फरक पडला नाही. मला स्वतःला चित्र काढता येत नाही. काय करू?’

ताई, ज्या वाक्याने तुमची झोप उडाली, आधी त्याबद्दल बोलू. तो तुमच्या प्रामाणिकपणावरचाच संशय असेल असं मला वाटत नाही. तुमच्या गटातल्या ८ जणी ३ वर्षं दर सोमवारी पैसे देत आल्या, आणि त्या पैशाचं पुढे काय झालं हे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांना दिसते ती वही, आणि वही असते तुमच्या मांडीवर. मग पैसाही तुमच्याच घरी असेल, असं मनात येणं साहजिक आहे. तुम्ही वाचून दाखवता हे खरं. पण मागची शिल्लक, आजची बचत, आलेला हप्ता, व्याज, दंड, दिलेलं कर्ज असे एकामागून एक आकडे नुसते ऐकून कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत. शिकलेल्यांच्याही राहत नाहीत. बाया आपसात बोलू लागतात ते ऐकायचं नाही म्हणून नव्हे. धरून ठेवायला समोर काही नसतं, म्हणून.

पोस्टरने फरक पडला नाही, कारण त्यावर तुमच्या गटाचं काहीच नव्हतं. छापलेली हसरी बाई, हिरवं शेत, खाली घोषवाक्य. ते एकदा पाहून झालं की ती भिंत होऊन जाते. बैठकीला उपयोगी पडतं ते बैठकीतच, सगळ्यांच्या हातांनी तयार झालेलं चित्र. त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही. उलट तुमचं चित्र वाकडंतिकडं असलं तर फार बरं. दुसरी बाई पुढे सरकून म्हणेल, ‘अगं, माझं घर तिकडे नाही, इकडे’ आणि तुमच्या हातातला खडू घेईल. सुबक चित्राला हात लावायला माणसं कचरतात.

आता मुद्द्याचं काम. पुढच्या सोमवारी इतर काही करू नका, एवढंच करा.

त्याआधी बँकेत जाऊन पासबुक भरून आणा. मग अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्यासोबत बसून पासबुक, पेटीतली रोकड आणि वहीतली कर्जबाकी यांची एकूण बेरीज जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर जो काही फरक आहे तो बैठकीत आधी सांगा आणि मग पुढे जा. तो लपवून चित्र मांडाल तर आहे तो विश्वासही जाईल. आणखी एक काम: जिच्यावर सर्वांत जास्त बाकी आहे, तिला आदल्या दिवशी घरी जाऊन भेटा. काय करणार आहोत ते सांगा, तिची तयारी आहे का ते विचारा. नाही म्हणाली तर थांबा, तिला वेळ द्या. तिला न विचारता तिचं कर्ज सगळ्यांसमोर मांडलं, तर पुढे कुणीही खडूला हात लावणार नाही.

बैठकीला जाताना मूठमूठ चिंचोके, थोडे हरभरे आणि खडू न्या. सतरंजी मधून सरकवा, सगळ्या जणी गोल बसा. जमिनीवर मधोमध एक मोठं वर्तुळ काढा. त्याच्या बाजूला एक चौकोन बँकेचा आणि एक छोटा चौकोन पेटीचा. भोवती १२ घरं. प्रत्येकीने आपल्या घरात आपली खूण स्वतः काढायची: कुणी विळा काढेल, कुणी चिमणी, कुणी तुळस. नाव लिहिता येणाऱ्यांनीही खूणच काढायची, म्हणजे लिहिणाऱ्या आणि न लिहिणाऱ्या असे दोन गट तिथेही पडणार नाहीत. मग ठरवून घ्या, एक चिंचोका म्हणजे १,००० रुपये, एक हरभरा म्हणजे १०० रुपये.

समजा तुमच्या गटाचा एकूण पैसा ५८,००० आहे. आठवड्याला २५ रुपयांप्रमाणे १२ जणींची ३ वर्षांची बचत ४६,८०० होते, वर व्याज आणि दंड. (सरकारी योजनेतून गटाला मिळणारा फिरता निधी आला असेल तर त्यासाठी दुसऱ्या कशाच्या तरी बिया घ्या. तो बचतीत मिसळला की गोंधळ होतो.) तर ५८ चिंचोके मधल्या वर्तुळात ओता आणि सांगा, हा आपला पैसा. शेजारच्या बाईला मोजायला लावा, मोठ्याने.

मग विचारा, बँकेत किती आहेत? पासबुक तुम्ही वाचू नका, दुसऱ्या कुणीतरी वाचू द्या. ११,००० असतील तर ११ चिंचोके बँकेच्या चौकोनात. पेटी सगळ्यांसमोर उघडा. हजार निघाले, तर १ पेटीत. उरले ४६. आता जिच्यावर ८,००० बाकी आहे तिने आपले ८ चिंचोके वर्तुळातून स्वतः उचलून आपल्या घरात ठेवायचे. जिच्यावर ३,००० तिने ३. तुमच्या स्वतःच्या नावावर कर्ज असेल तर तुमच्या घरातही तेवढेच, सगळ्यांच्या देखत. शेवटी मधलं वर्तुळ रिकामं होईल.

त्या वेळी तुम्ही काही बोलू नका. थोडा वेळ जाऊ द्या. पैसा सचिवाच्या घरी नाही, तो आपल्याच घरोघरी आहे, हे १२ जणींना एकाच वेळी दिसतं. तुम्ही कितीही शपथा घेतल्या असत्या तरी हे झालं नसतं.

आणि लगेच दुसरंही काहीतरी दिसेल, त्याचीही मनाची तयारी ठेवा. एखाद्या घरात १२ चिंचोके असतील, शेजारच्या घरात एकही नसेल. कुणीतरी विचारेल, ‘हिला ३ वर्षांत एकदाही कसं काय मिळालं नाही?’ वाटेतली कुरकुर याचीच होती, ताई. आता ती बैठकीत आली आहे. तिथे ‘तिने कधी मागितलंच नाही’ असं घाईने उत्तर देऊ नका. तिलाच विचारा. कदाचित ती म्हणेल, मागायची लाज वाटली. कदाचित म्हणेल, मागितलं होतं, कुणी ऐकलं नाही. दोन्ही गोष्टी गटाला कळायला हव्यात.

याच चिंचोक्यांचा पुढचा उपयोग कर्ज ठरवताना. पण इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: चिंचोके माणसांवर ठेवायचे नाहीत, गरजांवर ठेवायचे. ‘कमलला द्यायचं की विमलला’ असं उघड मत घेतलं की गटात वैर येतं, आणि जिच्या शेतावर मजुरीला जायचं असतं तिच्याविरुद्ध कुणी चिंचोका ठेवत नाही. त्याऐवजी जमिनीवर गरजा काढा: आजारपण, मुलांची शाळा, बी-खत, शेळी, घरदुरुस्ती, लग्न. प्रत्येकीला ५ चिंचोके द्या. या महिन्यात गटाने आधी कशाला पैसे द्यावेत, त्यावर तिने ते ठेवायचे, पाहिजे तर सगळे एकावर, पाहिजे तर वाटून. एरवी गप्प बसणाऱ्या जणी आधी ठेवतील, अध्यक्ष आणि तुम्ही सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा झाला तर बाकीच्या तुमच्याकडे पाहून ठेवतील आणि हाती काही लागणार नाही.

सगळ्यांनी ठेवले की ६० चिंचोके मोजण्याची घाई करू नका. आधी विचारा, शेळीवर इतके का? लग्नावर एकही का नाही? मला विचाराल तर सगळा जीव या दोन प्रश्नांत आहे. आकडा नंतर येतो आणि तो आला म्हणजे निकाल लागला असंही नाही. बोलणं ऐकून कुणाला आपला चिंचोका हलवायचा असेल तर हलवू द्या. एवढं झाल्यावर अर्ज कुणाकुणाचे आहेत ते पाहायचं.

आता ऊसतोडीच्या हप्त्यांचं भांडण. याची मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली, कारण तिथे त्या ५ जणींवर अन्याय होतो आहे आणि तो कुणी मुद्दाम करत नाही. यासाठी वर्षाचं चित्र काढा, आणि ते त्या ५ जणींनाच काढू द्या. बाकीच्या ७ जणींनी फक्त पाहायचं आणि विचारायचं.

जमिनीवर रांगोळीने चैत्र ते फाल्गुन असे १२ घरांचे दोन पट्टे काढा. इंग्रजी महिने नकोत. वर्षाचा हिशेब त्यांच्याकडे सणांनी असतो. वरच्या पट्ट्यात ज्या महिन्यात हातात पैसा येतो तिथे काड्या ठेवायच्या, जास्त पैसा तर जास्त काड्या. खालच्या पट्ट्यात ज्या महिन्यात खर्च असतो तिथे खडे. मग सगळ्या मिळून पाहा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हंगाम करून होळी-पाडव्याच्या सुमाराला बाई घरी परतली म्हणजे तिच्या हातात पैसा असेल. तुम्हाला तुमच्या गावात माहीतच आहे की तसं नसतं. टोळी घेऊन जाणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती हंगामाआधी, एका कोयत्याची म्हणजे नवरा-बायको दोघांची मिळून. पुढचे पाच-सहा महिने फडात जी तोड होते ती त्या उचलीत फिटत जाते. रोजच्या खर्चाला हाती येते ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मिळणारी किरकोळ रोकड. परत येताना हिशेबात बाकी निघाली तर ती पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे तुमचा गट ज्या चैत्रात ‘आता भर सगळे थकलेले हप्ते’ म्हणतो, त्या चैत्राच्या घरात काडीच नसते. आणि ज्येष्ठ-आषाढात पेरणी आणि शाळा एकदम येतात, तिथे खड्यांचा ढीग. हे सगळं प्रत्येकीला सुटंसुटं माहीत असतं. पण हप्त्याचा कागद बारा महिने सारखाच, हे कुणाला खटकत नाही, कारण दोन्ही गोष्टी एका जागी कधी मांडलेल्या नसतात.

चित्र समोर असताना विचारा: हप्ता कोणत्या महिन्यात ठेवला तर झेपेल? उचल मिळते तेव्हा एकदम मोठा भाग भरायचा का? हंगामात फक्त बचत चालू ठेवायची का, गावात मागे राहिलेल्या सासूच्या किंवा जावेच्या हाती? उत्तर त्या देतील. एक गोष्ट मात्र सांभाळा. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, त्यातलं बाईपर्यंत किती येतं हे तिला चारचौघींत सांगायचं नसेल तर विचारू नका. काड्या कमी ठेवल्या तरी त्यावर बोट ठेवू नका.

जे ठरेल त्याचा ठराव वहीत लिहा, सह्या-अंगठे घ्या. हे फक्त गटाच्या अंतर्गत कर्जापुरतं. बँकेच्या कर्जाचे हप्ते गटाला आपल्या मनाने पुढे ढकलता येत नाहीत, त्यासाठी आधी बँक सखीला, म्हणजे गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बाईला, आणि शाखेत विचारा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे ही पंचसूत्री बँक पाहतेच. हप्त्याची वेळ ठरावाने बदललेली असणं आणि हप्ता थकलेला असणं यांतला फरक वहीत दिसला पाहिजे.

तुम्हाला वाटेल, हे चिंचोके, काड्या, रांगोळी म्हणजे न शिकलेल्यांसाठी काढलेली सोय आहे. तसं समजू नका. बचत गटांची आणि या पद्धतीची मुळं आपल्याकडे जवळजवळच आहेत. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२मध्ये गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. त्याआधी, १९८०च्या दशकाच्या मध्यापासून कर्नाटकात मायराडा ही संस्था गावागावांत असे छोटे गट बांधत होती. त्याच दशकाच्या अखेरीस लोकांनीच जमिनीवर आपल्या गावाचा नकाशा काढायचा, बियांनी गरजा मोजायच्या, ही पद्धत भारतात रुजली, आणि ती रुजवणाऱ्यांत मायराडाही होती. या पद्धतीचा जगभर प्रसार करणारे रॉबर्ट चेंबर्स एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: काठी दुसऱ्याच्या हाती द्या. ज्या काठीने शिकवणारा जमिनीवर रेघा ओढतो, ती काठी. रेघा कोण ओढतं, त्यावर चित्र कुणाचं हे ठरतं.

म्हणून माझा आग्रह जमिनीचा आहे, भिंतीचा नाही. भिंतीवरच्या तक्त्यापाशी एक बाई उभी असते आणि ११ जणी खाली बसून मान वर करून पाहतात. जमिनीवरच्या चित्रापर्यंत प्रत्येकीचा हात पोचतो, आणि चुकलं तर पदराने पुसताही येतं. तुम्ही सचिव आहात, तुम्हाला भराभर लिहिता येतं. त्यामुळे खडू सारखा तुमच्याकडेच येईल. तो प्रत्येक वेळी पुढे द्या. सुरुवातीला वेळ जास्त जाईल, जाऊ द्या.

दर सोमवारसाठी मात्र इतकं मोठं काही नको. एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन चौकोन काढून ठेवा: एक बचतीचा, एक हप्त्याचा, एक व्याज-दंडाचा. ते मध्ये पसरायचं. प्रत्येकीने आपले पैसे तुमच्या हातात न देता आपल्या हाताने त्या-त्या चौकोनात ठेवायचे. सगळ्यांचे ठेवून झाले की पदाधिकारी नसलेल्या दोघींनी प्रत्येक चौकोन मोठ्याने मोजायचा, तुम्ही ऐकून वहीत लिहायचं. १२ जणींची बचत ३०० भरली पाहिजे. २७५ भरली तर कुणाचे राहिले ते तिथल्या तिथे कळतं. मोजणाऱ्या दर आठवड्याला बदला, आणि वाटेत सर्वांत जास्त कुरकुर करणारीलाही पाळी द्या. शिक्षा म्हणून नव्हे. तिला शंका विचारायची सवय आहे, आणि गटाला अशा बाईची गरज असते.

बचतीची हजेरी डोळ्यांसमोर हवी असेल तर एका ड्रॉइंग शीटवर १२ खुणांच्या १२ ओळी आणि पुढे आठवड्यांची घरं, पैसे भरले की ठिपका. पुष्कळ गट यासाठी कपाळाच्या टिकल्या चिकटवतात, दिसायला छान दिसतात. पण तुमच्या गटात नवरा गेलेली किंवा नवऱ्याने टाकलेली एखादी बाई असेल, तर दर सोमवारी तिच्या हातात टिकली देऊ नका. स्केचपेनचा ठिपका तेवढंच काम करतो. हा कागद बैठक संपली की गुंडाळून ठेवायचा. कुणाच्या घराच्या भिंतीवर टांगायचा नाही, थकबाकी लाल रंगात दाखवायची नाही आणि त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही. थकलेल्यांची नावं चारचौघांत वाचून वसुली करणारे लोक गावात येऊन गेले असतील. त्याने घराघरात काय होतं, तेही तुम्ही पाहिलं असेल. गटाने त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक. एखादी बाई बैठकीत रडायला लागली, घरातल्या मारहाणीचं बोलली, तर खडू आणि चिंचोके बाजूला ठेवा. ते मांडून सोडवायचं नसतं. तिच्याजवळ बसायचं, आणि पुढे मदत कुठे मिळेल ते तिला एकटीला गाठून सांगायचं. महिलांसाठीचा १८१ हा हेल्पलाइन क्रमांक तुम्हा पदाधिकाऱ्यांना तरी पाठ असू द्या.

पैशाचं चित्र पुढच्या सोमवारी मांडा, कर्जाच्या गरजांचं जेव्हा अर्ज येतील तेव्हा. वर्षाच्या पट्ट्याचं काम मात्र नवरात्राच्या आधी, शक्य तर पोळ्याच्या सुमारालाच उरका. टोळ्या एकदा निघाल्या की ज्यांच्या हप्त्यांबद्दल ठरवायचं त्या ५ जणी बैठकीत नसतील, आणि त्यांच्या वाटच्या काड्या दुसऱ्याच कुणीतरी ठेवेल.